एडक्यांचं दूध

बुरुल आमच्या विद्यापीठात रुजू झाली तेव्हा तिला कुठल्या विभागात बसवायचं यावर सात महिने पत्रव्यवहार चालला होता. ती पत्रं मीच टाइप केली, त्यामुळे मला तारखांसकट आठवतंय. फिनलंडहून ती जे शिकून आली होती त्याचा विषय असा, की माणसाचं आणि संगणकाचं एकमेकांशी कुठे जमतं, कुठे बिनसतं, आणि बिनसलं तर चूक कुणाची. संगणक विभागाने कळवलं, यात माणूस येतो, सबब हे मानसशास्त्र. मानसशास्त्रवाल्यांनी कळवलं, यात यंत्र येतं, आणि आमच्या खोलीत वायरीचे प्लग दोनच आहेत, त्यातल्या एकावर चहाची किटली असते. शेवटी रेक्टरसाहेबांनी तिला कामगार सुरक्षा विभागात टाकलं. तिथे एक खुर्ची रिकामी होती, एवढंच कारण.

पहिलं वर्षभर लोक तिला दोन कामांसाठी बोलवायचे. प्रिंटर अडकला की, नाहीतर कुणाच्या पोराला फोन घ्यायचा असला की. ती यायची, पण प्रिंटरला हात लावायच्या आधी शांतपणे मागे उभी राहून बघायची, आपण त्याच्याशी कसे वागतो ते. वहीत काहीतरी लिहायची. एकदा मी चुकीचं बटण दाबून चाळीस पानं कोरी छापली आणि कपाळाला हात लावून बसले. ती मला एजे, म्हणजे ताई, म्हणायची; म्हणाली, "दामीरा एजे, तुम्ही नाही चुकलात. ते बटण चुकीच्या जागी आहे." तीस वर्षं कारकुनी केली मी. या इमारतीत असं म्हणणारी ती पहिलीच. त्या दिवसापासून तिची पत्रं मी आधी टाइप करायला लागले, रेक्टरसाहेबांची नंतर.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात पशुखात्याचं पत्र आलं. कुठल्याशा परदेशी मदतीतून देशातल्या सगळ्या पशुवैद्यांना टॅबलेट वाटले होते. जनावर मेलं की त्याच दिवशी त्यात नोंद करायची, मेल्याचं कारण यादीतून निवडायचं आणि बटण दाबायचं. डोंगरातले वैद्य नोंदी उशिरा करतात, तेव्हा त्यांना शिकवायला कुणीतरी पाठवा, असं खात्याचं म्हणणं. संगणकवाल्यांना थंडीत वर डोंगरातल्या नारीनकडे जायची इच्छा नव्हती. बुरुलला पाठवलं.

ती शिकवायला गेली आणि नेहमीप्रमाणे मागे उभी राहून बघायला लागली. तिच्या वाट्याला आलेले वैद्य तोक्तोसुन. अठ्ठावन्न वर्षांचे, घोड्यावरून चार खोरी सांभाळणारे. टॅबलेट ते कोटाच्या आत, बनियनच्या वर ठेवायचे, कारण बाहेर काढला की थंडीने पाच मिनिटांत त्याचा जीव जायचा. तिसऱ्या दिवशी बर्फात एक मेंढी सापडली. पोट फाडलेलं, आजूबाजूला लांडग्याचे पंजे. तोक्तोसुननी घोडा थांबवला, टॅबलेट काढला, आणि हातात जाडे हातमोजे तसेच ठेवून नाक स्क्रीनवर दोनदा टेकवलं. नोंद झाली. कारण: अगालाक्तिया. म्हणजे मेंढ्यांचं दूध आटवणारा रोग.

"बाइके, हिला लांडग्याने खाल्लंय," बुरुल थोरल्या भावाची हाक मारून म्हणाली.

"मला दिसतंय ना."

"मग दूध आटण्याचा रोग का लिहिलात?"

"लांडगा आहे का यादीत?"

लांडगा नव्हता. यादीत अडतीस रोग होते, रशियन अक्षरांच्या क्रमाने, आणि त्या क्रमात अगालाक्तिया पहिला.

"शेवटी 'इतर' असं आहे की."

"एकोणचाळिसावं आहे ते. तिथपर्यंत नाक पोचत नाही, पोरी. मोजा काढून बोटाने सरकवत बसलो, तर संध्याकाळी माझीच नोंद करायला कुणीतरी यावं लागेल."

बुरुलने हे वहीत शब्दशः उतरवलं. मग ती बाकीच्या अकरा वैद्यांकडे जाऊन आली. दोघं नाकाने दाबत होते, एकजण चाबकाच्या मुठीला गाजर बांधून दाबत होता, उरलेले एका बोटाचा मोजा कापून. दाबत मात्र सगळे पहिलंच नाव होते. बर्फात गाडलं गेलेलं, दरीत पडलेलं, उपासाने मेलेलं, म्हातारं होऊन मेलेलं, आणि पाहुणे आले म्हणून कापलेलं, असं प्रत्येक जनावर अगालाक्तियाने गेलं होतं.

परत आल्यावर तिने खात्याकडून चार वर्षांच्या नोंदी मागवल्या. त्या मी छापल्या, म्हणून मीही वाचल्या. शंभरातली एक्क्याण्णव जनावरं दूध आटून मेलेली. त्यात चारशे बारा एडके. सतरा खच्ची केलेले घोडे. आणि एक मेंढपाळी कुत्रा, तोही नर.

आम्ही दोघी त्या दिवशी पोट धरून हसलो. पण तिचं हसू लवकर थांबलं, कारण त्याच कागदांच्या शेवटी तिला एक शिक्का दिसला: अगालाक्तिया संशोधन संस्था, बिश्केक.

ही संस्था तीन वर्षांपूर्वी, याच नोंदींच्या जोरावर उभी राहिली होती. नव्या खिडक्यांची दुमजली इमारत, सव्वीस पदं, दोन गाड्या. संचालक एसेनगुल जापारोविच. हे गृहस्थ आधी कोंबड्यांचे प्राध्यापक होते. कोंबड्यांना कुणी विचारत नव्हतं, म्हणून त्यांनाही कुणी विचारत नव्हतं. नोंदींत हा रोग उसळलेला दिसला आणि त्यांचं नशीब उघडलं. मोठी पदवी त्यांनी त्याच रोगावर मिळवली होती.

बुरुल कागद घेऊन त्यांच्याकडे गेली. माणूस वाईट नव्हता, हे ती आजही सांगते. त्यांनी चहा दिला, जर्दाळूचा मुरंबा दिला, सगळं ऐकून घेतलं. मग ती एडक्यांवर आली.

"एडक्यांवर माझं एक आख्खं प्रकरण आहे," एसेनगुल जापारोविच म्हणाले. "नरांमध्ये रोग छुपा असतो. दूध मुळीच न येणं हे त्याचं मुख्य लक्षण. आम्ही तीनशे एडके तपासले. शंभर टक्के बाधित."

तिने विचारलं, निरोगी एडके तपासले होते का.

"निरोगी सापडलाच नाही," ते गंभीरपणे म्हणाले.

तिने एक नकाशाही नेला होता. संस्थेची पाहणी पथकं जिथे जिथे जाऊन आली तिथे तिथे पुढच्याच आठवड्यात रोगाने मेलेली जनावरं वाढली होती. कारण सरळ होतं. पथक आलं की गाववाले मेंढी कापणार, पथकप्रमुखापुढे तिचं शिजवलेलं डोकं मान म्हणून ठेवणार, आणि वैद्य नाकाने नोंद करणार. एसेनगुल जापारोविचनी नकाशा बराच वेळ पाहिला आणि म्हणाले की आपली पथकं नेमकी रोगाच्या आघाडीवर पोचतात, हे इतक्या स्वच्छपणे आजवर कुणी दाखवलं नव्हतं. त्यांनी त्याची प्रत ठेवून घेतली. पुढे ती संस्थेच्या दालनात चौकटीत लागली.

बुरुलने हे सगळं लेख लिहून छापायला धाडलं असतं आणि विषय मिटला असता. पण तिला पदवी हवी होती. आमच्याकडे पाच वर्षांत प्रबंध झाला नाही तर नोकरी जाते. प्रबंध घ्यायचा तर त्या विषयाची पदवी परिषद लागते, आणि तिच्या विषयाची परिषद देशात नव्हतीच. अर्जात विषयांची छापील यादी होती, त्यात तिचा विषय नव्हता. प्रबंध जनावरांच्या नोंदींवर आहे म्हटल्यावर तो पशुवैद्यकाच्या परिषदेकडे वळवला गेला. परिषदेचे अध्यक्ष एसेनगुल जापारोविच.

मी तिला म्हटलं, विषय बदल. प्रिंटरवर लिही, मी साक्षीदार आहे. ती ऐकेना. तिचं म्हणणं, मोजून दाखवलं की कुणालाही नाकारता येत नाही. परदेशात शिकलेल्या मुलांना असा एक भाबडेपणा जडतो, आणि तो उतरायला वर्षं लागतात.

तिने प्रयोग योजला. नारीनच्या अर्ध्या वैद्यांच्या टॅबलेटमध्ये यादी दर वेळी पत्त्यांसारखी पिसलेली दिसायची. रोग तेच, फक्त पहिलं नाव दर वेळी वेगळं. उरलेल्या अर्ध्यांची यादी जुनीच. परवानगीच्या अर्जाला मी मथळा दिला होता, 'यादीतील क्रमाचा रोगाच्या प्रमाणावर होणारा परिणाम'. एसेनगुल जापारोविचनी त्यातले 'रोगाच्या प्रमाणावर होणारा परिणाम' एवढेच शब्द वाचले असावेत. खूश होऊन सही केली.

हिवाळा गेला. मार्चमध्ये एका सकाळी बुरुल बूट न झटकताच माझ्या खोलीत शिरली आणि कागद टेबलावर ठेवले. जुनी यादी असलेल्यांकडे अगालाक्तियाने मेलेली जनावरं शंभरात एक्क्याण्णव. पिसलेली यादी असलेल्यांकडे शंभरात तीन. आणि बाकीचे सदतीस रोगही प्रत्येकी अडीच-तीन, जणू कुणी वाटणी करून दिली होती.

"कुणी आजारी नव्हतंच, एजे," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. वर्षभर छातीवर ठेवलेला दगड उतरावा तसा तिचा चेहरा दिसत होता.

तो आकडा बिश्केकला पोचला आणि तीन आठवड्यांनी वर्तमानपत्रात बातमी आली. संस्थेच्या नव्या उपायाने नारीनच्या अर्ध्या भागात अगालाक्तिया जवळजवळ नष्ट, एक्क्याण्णवावरून तीन टक्क्यांवर. एसेनगुल जापारोविचांचा फोटो, मागे चौकटीतला तो नकाशा. खात्याने हुकूम काढला, की रोगप्रतिबंधासाठी सगळ्या देशात यादी पिसावी.

बुरुलने त्यांना फोन लावला. मी समोरच होते. ती बराच वेळ समजावत राहिली, मग बराच वेळ ऐकत राहिली, आणि फोन ठेवून म्हणाली की ते माझं अभिनंदन करताहेत.

तिची तोंडी परीक्षा मेमध्ये झाली. चौदा सभासद, बहुतेक साठीच्या पुढचे, समोर पाण्याचे ग्लास. मी शेवटच्या रांगेत बसले होते. माझ्या शेजारी तिची आई, गावाहून आलेली, डोक्याला नवा रुमाल बांधून. तोक्तोसुन वैद्यही आले होते. संध्याकाळच्या जेवणासाठी एक मेंढी घेऊन आले होते, ती खाली गाडीत बांधली होती.

बुरुलने वीस मिनिटं आकडे मांडले. मग कागद खाली ठेवला आणि सरळ म्हणाली, "हा रोग आपल्या डोंगरात पसरलेला नव्हता. जनावरं लांडग्याने, थंडीने, भुकेने मेली. काही आपण खाल्ली. वैद्यांनी पहिलं नाव दाबलं, कारण दुसरं काही दाबताच येत नव्हतं. यादी हलवली तेव्हा एकही जनावर बरं झालं नाही. मेली तेवढीच मेली."

मग एक वयस्क सभासद उठले आणि त्यांनी विचारलं, यादी दिवसातून किती वेळा पिसावी, आणि गाभण मेंढ्यांच्या बाबतीत प्रमाण कमी करावं का.

बुरुलने त्यांच्याकडे पाहिलं. तिने ओठ घट्ट मिटलेले मला इतक्या लांबून दिसले. मला वाटलं आता ती निघून जाईल. ती हळू आवाजात म्हणाली की यादी हे औषध नाही.

तेव्हा एसेनगुल जापारोविच उठले. त्यांनी सांगितलं की खरा शास्त्रज्ञ यशाचं श्रेय स्वतःकडे घेत नाही, आणि या मुलीने तर रोग होता हेच नाकारण्यापर्यंत विनय दाखवला. एवढा विनय त्यांनी कोंबड्यांच्या काळापासून पाहिला नव्हता. टाळ्या पडल्या. तिची आई रडायला लागली.

मतदान झालं. तेरा बाजूने, एक मत बाद. मतपत्रिकेवर 'मान्य' आणि 'अमान्य' यांतलं जे नको ते खोडायचं होतं. एका सभासदाने जे हवं ते खोडलं, मग लक्षात आल्यावर दुसरंही खोडलं. बुरुलने ती मतपत्रिका नंतर मागून घेतली. अजून आहे तिच्याकडे.

जेवणाच्या आधी तोक्तोसुननी नियमाप्रमाणे कापलेल्या मेंढीची नोंद केली. यादी पिसलेली, पहिलं नाव आलं रेबीज. त्यांनी ते बुरुलला दाखवलं. तिने टॅबलेट उलटा करून पोळ्यांच्या टोपलीखाली सरकवला. मेंढीचं डोकं मानाप्रमाणे एसेनगुल जापारोविचांपुढे ठेवलं गेलं, त्यांनी कान कापून बुरुलला दिला, आणि रस्सा उत्तम झाल्याचं तीनदा सांगितलं. सोमवारी त्यांच्याच संस्थेचं पथक रेबीजच्या शोधात नारीनला रवाना झालं.

पदवी हातात पडली तेव्हा खरी गंमत कळली. त्यावर लिहिलं होतं, पशुवैद्यकशास्त्र. आमच्या विद्यापीठाचा नियम असा, की ज्या विषयाची पदवी तोच विषय शिकवायचा. पदवी नव्हती तोवर बुरुल संगणकाचे तास घेऊ शकत होती. आता घेऊ शकत नव्हती, पशुवैद्यक विभागातच जायचं होतं. तिला तसं कळवणारं पत्र टाइप करायला रेक्टरसाहेबांनी मला दिलं. मी चार दिवस ते खणात ठेवलं. पाचव्या दिवशी तिने स्वतःच येऊन मागितलं, वाचलं, आणि विचारलं, सुरक्षा विभागातली माझी खुर्ची तरी नेता येईल का.

गावी तिच्या आईने सगळ्यांना सांगितलं की लेक मेंढ्यांची मोठी डॉक्टर झाली. सुट्टीत बुरुल घरी गेली की फाटकाशी लोक लंगड्या शेळ्या घेऊन उभे. ती त्यांना हात जोडून सांगायची, मला यातलं काही येत नाही. लोक म्हणायचे, बघा, किती शिकली तरी गर्व नाही.

तो उन्हाळा तिला जड गेला. फिनलंडच्या तिच्या बाईंनी तिकडे नोकरी आहे म्हणून कळवलं होतं. मी तिला जा म्हटलं. अर्जही टाइप करून दिला.

तो अर्ज तिने पाठवला नाही. त्याच सुमारास पशुखात्याची नियमावली वाचताना तिला एक कलम सापडलं. टॅबलेटच्या यादीतली नावं बदलायचा अधिकार संगणकवाल्यांना नव्हता. तो पशुवैद्यकाची पदवी असलेल्या विद्यापीठीय अध्यापकाला होता. देशात असे चाळीसेक लोक होते, आणि कुणीही तो कधी वापरला नव्हता.

तिने वापरला. अडतीस रोग तिने आतल्या पानावर ढकलले. पहिल्या पानावर ठेवली फक्त पाच बटणं, प्रत्येक तळहाताएवढं: लांडगा, थंडी, भूक, पाहुणे, रोग. मोज्याचा स्पर्श ओळखायची स्क्रीनची सोयही चालू केली, म्हणजे मोज्यासकट दाबली तरी लागतील. खात्यातल्या खालच्या बाबूने सही केली, कारण कागदावर पदवी बरोबर होती. एसेनगुल जापारोविचांनी हरकत घेतली नाही. त्यांच्या संस्थेत एव्हाना अडतीस रोगांचे अडतीस कक्ष उघडले होते, आणि त्यांना कुठल्याच एका रोगाची विशेष ओढ राहिली नव्हती.

पहिल्या वर्षाच्या अहवालात सगळ्यात मोठं कारण निघालं भूक. खात्याने कधी नव्हे ते वरच्या खोऱ्यांत गवताचे भारे पाठवले, पुरेसे नव्हे, पण पाठवले. दुसरं कारण पाहुणे. त्यावर परिपत्रक आलं, की पाहुणे हा रोग नसल्याने ते बटण काढावं. बुरुलने चार महिने पत्रं लिहिली, मी टाइप केली, पण ते बटण गेलं. आता कापलेल्या मेंढ्या लांडग्याच्या नावावर जातात, आणि लांडग्यांवर एक समिती नेमायचं घाटतंय असं ऐकते.

निवृत्त व्हायच्या आधी एकदा मी तिच्याबरोबर नारीनला गेले. फेब्रुवारी होता. तोक्तोसुन आम्हाला वरच्या कुरणाकडे घेऊन गेले. एका खडकामागे त्यांचीच एक मेंढी पडलेली, लांडग्याने फाडलेली, तीन वर्षांची चांगली दुभती. ते घोड्यावरून उतरले, तिच्याशेजारी थोडा वेळ उकिडवे बसले. मग टॅबलेट काढून मोज्यासकट अंगठा 'लांडगा'वर टेकवला. नोंद झाली.

बुरुलच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, तिला आवरेना.

"मेंढी माझी गेली," तोक्तोसुन म्हणाले, "आणि हसतेस तू."

तिने माफी मागितली, मनापासून. मग खिशातून वही आणि घड्याळ काढलं आणि भीत भीत विचारलं, पुन्हा एकदा दाबून दाखवाल का, किती सेकंद लागले ते मोजायचं राहून गेलं.

"पुन्हा कशावर दाबू?" ते घोड्यावर चढत म्हणाले. "थांब आता दुसरी मरेपर्यंत."